बॉक्सरची गाठ

गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून राहिलं की किस्से गोचिडांसारखे अंगाला चिकटतात. झटकले तरी दोनचार उरतातच! हे स्वातंत्र्यानंतरच्या पाचसात वर्षांतले, अलिबागचे, आणि सगळे आमच्या बापट डॉक्टरांचे.

डॉक्टर महासंशयी. कुत्रं कान दाखवायला आणलेलं असो की खरूज, त्यांची बोटं आधी कातडीखाली गाठ शोधायची. कॅन्सर सगळ्या कुत्र्यांना सारखा होत नाही, काही जातींच्या रक्तातच तो जास्त असतो, असा त्यांना दाट संशय. बॉक्सरवर तर खास डोळा!

* * *

समुद्राकडच्या बंगल्यात एक रिटायर्ड मेजर एकटेच राहायचे. ते त्यांच्या रेक्सला घेऊन आले. ते दारात असतानाच डॉक्टरांनी विचारलं, "बॉक्सर? मग गाठ असणार."

मेजर भडकले. "जात ऐकून रोग ओळखता?"

"अलिबागात आडनाव ऐकून माणसाचं सगळं ओळखतात. मी फक्त गाठ ओळखतोय!"

गाठ निघाली. मागच्या मांडीवर, सुपारीएवढी.

* * *

मेजरांचा संशय स्वयंपाक्यावर. गोपाळ रेक्सला चोरून सुकट घालतो, त्यानंच हे झालं! त्याला दवाखान्यात उभं करून उलटतपासणी सुरू केली.

गोपाळ बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, सुकटीनं गाठी येत असत्या, तर आख्ख्या कोळीवाड्याचं गाठोडं झालं असतं!"

डॉक्टर हसले नाहीत. पण गोपाळची नोकरी वाचली.

* * *

आता डॉक्टरांचा संशय रेक्स जिथून घेतला त्या मुंबईच्या माणसावर. पत्र टाकलं, "रेक्सची आई कशानं गेली?"

उत्तर आलं, "म्हातारपणानं."

डॉक्टरांनी दुसरं पत्र टाकलं, "वय किती होतं?"

उत्तर आलं, "सहा."

सोबत वंशावळीचा कागद होता. मी वाचून दाखवत होतो, तर आईकडचा आजोबा आणि बापाकडचा आजोबा एकच!

"वासू, परत वाच," डॉक्टर म्हणाले. मी तीनदा वाचला. आजोबा काही बदलला नाही.

* * *

मग डॉक्टर मला घेऊन कोळीवाड्यात गेले, गावठी कुत्री चाचपायला. लोकांना वाटलं, मुन्शिपाल्टीची माणसं विषाच्या गोळ्या घेऊन आली! हिराबाई कोळणीनं आपला कुत्रा जाळ्याखाली दडवला आणि वर स्वतः बसली.

डॉक्टर खुशीत म्हणाले, "हिराबाई, तुमच्या कुत्र्यांना गाठी होत नाहीत. आजवर एकही दवाखान्यात आलं नाही."

"आमचं कुत्रं आजारी परलं का खारीच्या पान्याकडं जातं नि मरतं," ती म्हणाली. "तुमच्याकडं आनील कोन?"

दवाखान्यात आल्यावर डॉक्टरांनी वहीतलं 'गावठी: निरोगी' खोडलं आणि लिहिलं, 'गावठी: माहीत नाही.'

* * *

रेक्सची गाठ काढली. ती परत आली, या वेळी तीन ठिकाणी. पावसाळा संपता संपता रेक्स गेला. मेजर चार महिने बाजारात दिसले नाहीत.

आणि एक दिवस मुंबईहून रेवसच्या लाँचनं पिल्लू घेऊन आले. बॉक्सरच! त्याच माणसाकडचं, त्याच घराण्यातलं!

डॉक्टर खुर्चीतून उठले. "मेजरसाहेब, सगळं माहीत असून?"

"माझे वडील गाठीनंच गेले," मेजर शांतपणे म्हणाले. "दोन्ही काकासुद्धा. म्हणून काय आईनं मला जन्माला घालायचं नव्हतं?"

मी पिल्लाला टेबलावर उभं केलं. डॉक्टरांचा हात पुढे आला, पण पिल्लाकडे गेला नाही. मेजरांच्या कॉलरशी थांबला. कानाखाली दोन बोटं टेकवून त्यांनी हळूच विचारलं,

"हे कधीपासून?"

मेजरांनी कॉलर वर ओढली.

"डॉक्टर, तुम्ही कुत्र्यांचे. आधी पिल्लू बघा!"