टोकाच्या खोलीत हरवलेले आजोबा

चाकाची खुर्ची ढकलून ढकलून मावशीच्या दंडांत पैलवानाचं बळ आलं होतं, आणि तोंडात त्याहून जास्त. इस्पितळात तिचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नसे. फक्त टोकाच्या खोलीचं नाव काढलं की सगळे पांगत.

ज्यांचा आजार बरा होणार नाही, त्यांचं दुखणं तरी हलकं करायचं, एवढ्यासाठी ती चार खाटांची खोली. मावशीचा नवरा शेवटचे तीन आठवडे तिथेच होता, आणि तेवढ्यात त्याने तिला पत्त्यांत इतकं हरवलं की ती अजून त्याची लबाडी काढते. पण बाकीचे डॉक्टर, नर्सा म्हणत, तिकडे पाठवलं म्हणजे आपण हात टेकले. म्हणून पाठवतच नसत. चारांतल्या तीन खाटा रिकाम्या. शेवटी मोठे साहेब म्हणाले, "सोमवारी सगळ्यांची मतं घेतो. नको असेल तर जुन्या फायली ठेवू आत."

मावशी दिसेल त्याला अडवून खोलीबद्दल सांगू लागली.

शनिवारी ती एका आजोबांना एक्स-रेला घेऊन निघाली. धंद्याने शिंपी, आजार बरा न होणारा, आठ दिवस वॉर्डात दुखण्याने पार कावलेले. पुढे ही लांब रांग.

"किती वेळ गं अजून?"

"तुमचा नंबर लागेतो शर्ट शिवून होईल, आजोबा."

त्यांना हसूही येईना. मावशीला राहवेना. टोकाच्या खोलीत पाठीला उशी तरी मिळेल, म्हणून तिने खुर्ची तिकडे वळवली. तिथल्या सिस्टरने आजोबांना खाटेवर घेतलं, डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी औषध बदललं. तासाभरात आजोबा घोरायला लागले. मावशी खुशीत चहाला गेली, आणि कुणाला सांगायचं राहूनच गेलं.

इकडे बोंब उठली, पेशंट हरवला! नर्सा जिन्यात, वॉचमन फाटकावर, एक्स-रेवाला तर गच्चीवर. शोधत शोधत सगळे टोकाच्या खोलीत येऊन थडकले. कित्येकांचं पाऊल तिथे पहिल्यांदाच पडलं. आजोबा उशीला टेकून शेजारच्या खाटेवरल्या बाईंना सांगत होते, त्यांच्या गाऊनची बाही कुठे चुकली ते. मोठे साहेब आत आले, तसं आजोबांनी त्यांना चष्म्यावरून न्याहाळलं.

"साहेब, कोटाचा डावा खांदा उतरलाय. काढा, दोन टाके घालतो."

साहेबांनी मुकाट्याने कोट काढून दिला. मग वळले. "काय हो मावशी, न सांगता पेशंट पळवता?"

"चुकलंच. बोला काय बोलायचं ते. पण आठ दिवसांत यांनी कुणाकडे सुईदोरा मागितला होता का, तेवढं विचारा."

आजोबांच्या वॉर्डातली सिस्टर हळूच म्हणाली, "पाणीसुद्धा मागितलं नाही हो."

सोमवारी साहेब सरळ खांद्यांचा कोट घालून बसले. सगळ्यांत आधी हात वर केला तो त्याच सिस्टरने. "खोली राहू दे. माझ्या वॉर्डातल्या दोघांना आजच पाठवते." एक्स-रेवाला म्हणाला, राहू दे, पण मावशीला आधी चिठ्ठी लिहायला शिकवा. फायली जिन्याखालीच राहिल्या.

दहा दिवसांनी आजोबा लेकीबरोबर घरी निघाले. आजार तोच, पण दुखणं ताब्यात. मावशी फाटकापर्यंत खुर्ची ढकलत गेली. खुर्चीत बसल्या होत्या पिशव्या. आजोबा शेजारून चालत होते, तिच्या एप्रनची शिवण कुठे उसवलीय ते दाखवत.