अंकुशनगरचा अर्धा कोयता

जालना स्टेशनवर मी ‘वेलकम सर’ अशी पाटी धरून उभी होते, अन् गाडीतून उतरल्या पांढऱ्या केसांच्या मॅडम. आमच्या दोन दिवसांच्या ट्रिपची सुरुवात ही अशी.

चूक माझीच. माझा मामा नवीन जालना भागात बियाण्याच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, जपानहून एक सायंटिस्ट येऊन राह्यलेत, सोबत पाहुणे आहेत, ते मांगा काढतात म्हणे. मांगा म्हणजे जपानी कॉमिक. मामानं टोपणनाव सांगितलं अन् मी उडालेच, कारण त्या नावाचे तेरा मांगा माझ्या शेल्फवर आहेत. त्यांच्यासाठीच मी ऑनलाइन जपानी शिकले. आता ‘पाहुणे’ म्हटल्यावर मी बाप्याच समजले ना!

त्या मॅडम, म्हणजे हारुए-सान, खूप हसल्या अन् पाटी आठवण म्हणून स्वतःकडं ठेवली. सायंटिस्ट मामासोबत कंपनीत गेले. स्टेशनबाहेर चहा पिताना हारुए-साननी सांगितलं की त्या टोपणनावात दोघं होते. नवरा चेहरे काढायचा. गल्ल्या, गर्दी, झाडं, पाऊस सगळं हारुए-सानचं. तीस वर्षं असं चाललं. मागच्या वर्षी नवरा वारला. आता प्रकाशकाला नवीन पुस्तक पायजे, अन् ते कुणाच्या नावानं, हे सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

“मी अर्धीच चित्रकार,” त्या म्हणाल्या. “अर्ध्या माणसानं पुस्तकावर नाव कसं टाकायचं?”

मी अजून एक चहा सांगितला.

पहिला दिवस जालन्यातल्याच मस्तगडला गेला. स्टेशनवरून ऑटो मिळतात, भाडं आधीच ठरवून घ्या. हारुए-सान एका किराणा दुकानासमोर तासभर बसल्या. शटर, वायरी, गोण्या सगळं वहीत बराबर उतरलं. शेठजी वही बघायला आले अन् मला म्हणाले, “दुकान झकास. पण माझं तोंड कुठंय, बेटा?” चित्रात शेठजी पाठमोरे होते. सगळेच पाठमोरे होते.

दुसऱ्या दिवशी मामानं गाडी काढली. अंबडला थांबून पोहे खाल्ले, मंग अंकुशनगर. ऊसतोड बघायची तर दिवाळीनंतर या, अन् उसाच्या ट्रॉलीच्या मागं चिकटून गाडी चालवू नका. साखर कारखान्याजवळ आल्यावर गुळचट वास थेट डोक्यात जातो.

उसाच्या एका फडात मुकादमाला विचारून आम्ही बांधावर बसलो. मोळी बांधणाऱ्या रुक्माबाईंना मी विचारलं, टोळी केवढी आहे.

“साडेअकरा कोयते.”

मी इंग्लिश मीडियमवाली. कोयत्याचं जपानीत सरळ ‘चाकू’ केलं अन् मोकळी झाले. हारुए-सान गोंधळल्या. अर्धा चाकू कसा असतो? मला वाटलं एखादा मोडका असंल, म्हणून तसंच विचारलं.

रुक्माबाई हसत सुटल्या. “मोडका न्हाई गं. नवरा-बायको मिळून एक कोयता. माझे मालक मागच्या साली गेले. मंग मी अर्धा कोयता.”

मी हे जपानीत सांगितलं. हारुए-सान म्हणाल्या, विचार, मंग ऊस पण अर्धाच तोडतात का? मला लाज वाटत होती, तरी विचारलं.

“येडी का तू? ऊस कुठं अर्धा तुटतो? बुडापासून अख्खाच तोडावा लागतो.”

हे मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं. हारुए-सानची वही तर मस्तगडलाच संपल्ती. त्यांनी पिशवीतून माझी पाटी काढली, उलटी केली अन् मार्करनं रुक्माबाईंचा चेहरा काढायला घेतला. दोनदा थांबल्या. तिसऱ्यांदा थांबल्याच न्हाईत.

रुक्माबाईंनी चित्र बघून सांगितलं की दात जरा जास्तच काढले. पण फोटो पोराच्या फोनवर पाठवायला लावला. पाटी घेईनात, म्हणाल्या, पाचटाच्या कोपीत कुठं टांगू?

परतताना हारुए-सान फोनवर प्रकाशकाला काहीतरी टाइप करत होत्या. मी बिलकुल डोकावले न्हाई. त्यांना स्टेशनवर रेल्वेत बसवून मामानं मला घरी सोडलं, तेव्हा त्यांनी दिलेली पाटी माझ्या हातात होती.

ती आता शेल्फच्या वर आहे, तेरा पुस्तकांच्या डोक्यावर. कोपऱ्यात सही आहे, फक्त ‘हारुए’. मागं ‘वेलकम सर’ तसंच आहे. ते मी खोडलं न्हाई, भिंतीकडं केलं.