युकुलेले ऐकायला मुरुडला गेलो आणि हळद लागली

आमच्या ठाण्याच्या युकुलेले मंडळात अकरा माणसं आहेत आणि देव एकच. युकुलेले म्हणजे चार तारांचं, गिटारच्या शेंडेफळासारखं दिसणारं वाद्य. ते पाहिलं की जगातल्या कोणालाही एकच वादक आठवतो. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मंडळातही आम्ही ते घेत नाही. जुन्या बायका नवऱ्याचा उल्लेख करायच्या तसा आम्ही नुसता 'ते' असा करतो. 'त्यांचा' अंगठा असा पडतो, 'त्यांनी' इथे श्वास घेतलाय. दरवर्षी आमचं छोटं संमेलन होतं आणि शेवटचा मान 'त्यांच्या' धुनेला असतो. ती वाजवताना निम्म्यांचे डोळे मिटलेले असतात, उरलेल्यांची बोटं चुकतात.

यंदा मी तोंड उघडलं. म्हटलं, या वाद्यावर आणखी कोणी वाजवतच नाही का? मंडळाचे प्रमुख शिरीष सर अतिशय सभ्य आहेत, त्यामुळे ते भांडले नाहीत. ते म्हणाले, "असतील ना. तुम्ही शोधा, रेकॉर्डिंग आणा. आवडलं तर शेवटचा मान त्यांना." सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले की आता मागे फिरणं शक्य नव्हतं. संमेलनाला पंधरा दिवस होते.

शोध घ्यायला मी रायगडचा किनारा निवडला, यामागे काही थोर अभ्यास नाही. उरणच्या एका ट्रेलरचालकाचा केबिनमध्ये युकुलेले वाजवतानाचा छोटा व्हिडिओ मी पाहिला होता आणि त्याला निरोप पाठवला होता. शिवाय गाडी चालवायला नवरा लागतो आणि माझा नवरा, संजय, मासळी मिळणार असेल तरच गाडी काढतो. संगीतात त्याला रस नाही. बावीस वर्षं तो माझा रियाज 'टिंगटिंग' या नावाने ओळखतो.

डिसेंबरातल्या शनिवारी सकाळी सहाला निघालो. ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांना एकच सल्ला: न्हावा शेव्याच्या रस्त्याला सकाळी आठच्या आत लागा, नाहीतर कंटेनरांच्या रांगेत तुमची गाडी खेळण्यातली वाटायला लागते. दीपकभाऊ, म्हणजे तो ट्रेलरचालक, बंदराच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला रांगेतच भेटला. चाळिशीचा, धिप्पाड माणूस. त्याच्या मांडीवर युकुलेले चमच्याएवढं दिसत होतं.

गेटवर नंबर लागायला कधी चार तास लागतात, कधी सहा, असं तो म्हणाला. "मोबाईल बगून बगून डोले गेले, ताई. मंग हा घेतला. डायवरला टाइमच टाइम हाय." त्याने युकुलेले गाडीच्या हॉर्नच्या सुरात लावलं होतं. मी माझं सूर जुळवायचं यंत्र काढलं आणि त्याच्या तारा कशा अर्ध्या सुराने चढलेल्या आहेत ते समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग हॉर्न वाजवला, मग तार छेडली. दोन्ही तंतोतंत एक. पुढच्या ट्रेलरवाल्याने काच खाली करून दाद दिली. मी यंत्र पर्समध्ये ठेवलं.

त्याने हळदीच्या कार्यक्रमात वाजतात तसली नाचरी गाणी वाजवली, झपाट्याने, आणि एकदाही डोळे मिटले नाहीत, कारण रांग पुढे सरकली तर कळायला हवं. एका गाण्याच्या अर्ध्यावर रांग सरकलीच. त्याने वाद्य डॅशबोर्डवर ठेवलं, ट्रेलर वीस फूट पुढे घेतला आणि जिथे सोडलं होतं तिथूनच गाणं उचललं. माझं रेकॉर्डिंग झालं होतं, पण त्यात इंजिन जास्त आणि युकुलेले कमी. शिरीष सर इंजिनाला शेवटचा मान देतील असं वाटेना. निरोप घेताना दीपकभाऊ म्हणाला की खरं ऐकायचं तर त्याच्या मावशीला, मुरुडच्या यमुनाबाईंना ऐका. "आमी काय, टाइमपास. ती वाजवते तवा लगीन लागते." मला वाटलं, कौतुकाची एक तऱ्हा असेल.

पेण, वडखळ करत अलिबागला पोचायला साडेअकरा झाले. वडखळच्या आसपासचा रस्ता बऱ्यापैकी सुधारला आहे, हे वाक्य मी दरवर्षी लिहिते. रात्रीचा मुक्काम नागावात होता, नारळी-पोफळीच्या वाडीतल्या दोन खोल्यांच्या घरगुती जागेत. राहणं, दोघांचं जेवण, सकाळचे पोहे धरून तीन हजारांच्या आत. सुरमई ताजी होती आणि सोलकढी मागाल तितकी. संजयच्या दृष्टीने प्रवास इथेच सफल झाला होता.

घराचे मालक मंगेशराव संध्याकाळी पाहुण्यांसाठी अंगणात युकुलेले वाजवतात, हे बुकिंग करताना वाचलं होतं. पाहुणे म्हणजे आम्ही दोघं आणि पुण्याचं एक कुटुंब. त्या कुटुंबाने लगेच 'त्यांची' धून मागितली. मंगेशरावांनी ती इतकी वाईट वाजवली की कुटुंब जेवायला उठलं. मी मात्र बसून राहिले. तेव्हा ते जवळ सरकून म्हणाले की हे ते मुद्दाम करतात. "एकदा का बरी वाजवली की रोज तीच. सुरुवातीला वर्षभर भोगलंय मी." मग त्यांनी स्वतःची एक छोटीशी चाल वाजवली, वाडीत पाणी सोडायचा पंप सुरू झाल्यावर थांबायची आणि पंप बंद झाला की पुढे जायची. छान होती. मी रेकॉर्ड करू का विचारलं, तर ते घाबरले. इंटरनेटवर गेली तर पाहुणे तीही मागायला लागतील.

रविवारी सकाळी रेवदंड्याचा पूल ओलांडून, काशीद मागे टाकून मुरुडला आलो. हा रस्ता अरुंद आहे, वळणावर एसटी समोर आली तर नम्रपणे मागे जायचं. पण समुद्र उजव्या हाताला इतका जवळ येतो की संजयनेही दोनदा गाडी थांबवली. मुरुडात पोचल्यावर कोळीवाड्यात यमुनाबाईंचं घर विचारलं. लोक म्हणाले, "धवलारीण ना? ती वाळवणावर हाय." वाळवण म्हणजे त्यांच्या घरासमोरचंच अंगण, तिथे बोंबील सुकत घातले होते.

आगरी-कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गातात. ती गाणी सांगणारी बाई ती धवलारीण. पुढची ओळ ती उचलते, बाकीच्या बायका मागून म्हणतात, आणि तिच्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. हे मला वाचून माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते यमुनाबाईंनी सांगितलं, अगदी घोगऱ्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात. आठ वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मुलगा जहाजावर कामाला, त्याने कुठल्याशा बेटावरून नातवासाठी हे वाद्य आणलं होतं. नातवाने दोन दिवसांत टाकून दिलं. यमुनाबाईंनी ते उचललं, तुटलेल्या तारांच्या जागी जाळ्याचा तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा लावला, आणि धवल्यांच्या चाली त्यावर बसवल्या. आता लग्नात त्या ओळ वाजवतात आणि बायका शब्द म्हणतात.

मला काय वाटलं ते स्पष्ट सांगते: मला हर्ष झाला, आणि तो फारसा शुद्ध नव्हता. शिरीष सरांचा चेहरा मला दिसायला लागला. मी फोन काढला, त्याची छोटी तिवई उघडली आणि म्हटलं, "आजी, नमुन्यादाखल दोन मिनिटं वाजवता?"

बोंबील उलटणाऱ्या चार बायका थांबल्या. यमुनाबाईंनी मला विचारलं, "लगीन कुनाचं हाय?"

कुणाचंच नाही, नुसतं ऐकायचंय, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. लग्न असल्याबिगर धवला होत नाही. आधी वाजवायचा नाही, नंतर वाजवायचा नाही, शिकवायचा तोही लग्नाच्या मांडवातच. मी समजावलं की हे जगाला कळायला हवं, तुमच्यासारख्यांची दखल घेतली जात नाही, सगळे एकाच माणसाच्या मागे असतात. त्यांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि चहा मागवला. गेल्या महिन्यात या वस्तीत पाच लग्नं झाली होती, आणि पाचही त्यांच्या बोटांवर. दखल कमी पडत असेल तर ती माझ्याकडूनच पडत होती.

मी तिवई मिटली, फोन पर्समध्ये टाकला. एवढ्या लांब येऊन रिकाम्या हाताने जायचं म्हणून संजयला माझी दया आली असावी. तो चहाचा कप ठेवत म्हणाला, "आमचंच लावा की परत."

बायका हसल्या. यमुनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "हळद लागली व्हती?"

नव्हती. आमचं लग्न नोंदणी कार्यालयात झालं. चार सह्या, दोन हार, बाहेर येऊन मिसळ. दोन्ही घरांचा विरोध होता. हळद लावायला माझ्याकडे कोण होतं? हे मी बावीस वर्षं विनोद म्हणून सांगत आले आहे. तिथेही तसंच सांगितलं, पण कोणी हसलं नाही.

"मंग लगीन अर्धंच हाय तुमचं," यमुनाबाई म्हणाल्या, आणि घरात निघून गेल्या.

पुढचं सगळं फार वेगाने झालं. ओसरीवर दोन पाट आले, तांब्या आला, वाटीत कालवलेली हळद आली. माझी पर्स कोणीतरी आतल्या खुंटीला अडकवली. संजयचा फोन गाडीत चार्जिंगला होता. चारही बायकांनी हात धुतले, तरी बोंबलाचा वास होताच. यमुनाबाई भिंतीला टेकून बसल्या, मांडीवर ते लहानसं वाद्य, आणि त्यांनी पहिली तार छेडली.

एकच स्वर. तंगुसाचा आवाज आमच्या महागड्या तारांपेक्षा जाड आणि आखूड असतो. त्या तो स्वर सोडून थांबल्या, आणि त्या थांबण्यात बायकांनी शब्द उचलले. मग पुढची ओळ. त्या कुठेच घाई करत नव्हत्या आणि कुठेच सजवत नव्हत्या. गाण्यात बायकांना जेवढी जागा लागते तेवढी सोडत होत्या. गाण्याच्या मधोमध माझ्या ध्यानात आलं की फोन आत आहे. थांबा, असं मी म्हणू शकले असते. पण तोवर दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीने माखले होते, आणि मुलगी आईचं घर सोडते ती ओळ आली तेव्हा शेजारच्या बाईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी रडले. बेचाळीस वर्षांच्या बाईने परक्या ओसरीवर रडावं तशी, नाक वाहेपर्यंत. संजय समोरच्या पाटावर पिवळाधमक होऊन बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

संपल्यावर मी हात धुतले, फोन आणला आणि लाज सोडून विचारलं की एकदा परत वाजवाल का. यमुनाबाईंना प्रश्नच कळला नाही. "लागली की हळद आता," त्या म्हणाल्या. "परत परत काय लावायची?" जाताना त्यांनी सुक्या बोंबलाची पिशवी दिली, आहेर म्हणून. आम्ही रोह्यावरून परत आलो. मुरुड ते रोहा रस्ता शांत आहे, वाटेत पेट्रोल पंप कमी, टाकी भरून निघा.

संमेलनात शिरीष सरांनी आठवणीने विचारलं. मी सगळं सांगितलं, लोकांनी मन लावून ऐकलं, आणि सर हळुवारपणे म्हणाले की वर्णन सुंदर आहे, पण ऐकवण्यासारखं काही आहे का? नव्हतं. ट्रेलरचं इंजिन होतं, तेवढं ऐकवलं. मग शेवटचा मान ठरल्याप्रमाणे 'त्यांना' गेला, आणि यंदा ती धून सगळ्यांच्या पुढे बसून वाजवायची पाळी माझी होती. बरी झाली. टाळ्याही पडल्या.

खरी अडचण घरी आहे. मला ती चाल आठवतच नाही. तीस वर्षं कानाने ऐकून वाजवणारी मी, पण त्या दिवशी नवरी होते, श्रोता नव्हते. पहिला स्वर आठवतो, पुढे सगळी हळद. आणि परवा सकाळी लसूण सोलता सोलता संजय गुणगुणायला लागला. ज्याला राष्ट्रगीतसुद्धा धड सुरात म्हणता येत नाही त्याला धवला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पाठ होता. मी त्याला विचारलं, कसा काय? तो म्हणाला, तू रडत होतीस, मला दुसरीकडे कुठे बघायचं कळेना, म्हणून मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो.

तेव्हा रायगड किनाऱ्यावरच्या सर्वांत मोठ्या युकुलेले वादकाचं एकमेव रेकॉर्डिंग सध्या माझ्या नवऱ्याच्या गळ्यात आहे आणि ते बेसूर आहे. मी धावत जाऊन वाद्य आणलं, त्याच्यासमोर ओट्याशी बसले, पहिली तार छेडली आणि हात आखडता घेतला. लग्न असल्याबिगर वाजवायचा नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. मी संजयला तसं सांगितलं.

त्याने पुढची पाकळी सोलायला घेतली.

"आपलं अजून चालूच आहे ना?" तो म्हणाला. "मग वाजव."