चाखणाऱ्यानं लाजायचं नाय

काशिनाथभाऊ स्वतः केलेली वस्तू कधी चाखत नसत. काढ्याचं पातेलं खाली उतरलं की पहिला पेला माझ्या हातात. आलेपाकाची पहिली वडी माझी. मी तोंडात टाकायचो आणि ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचे, बाजारात लिलावाची बोली ऐकतात तसे. मग म्हणायचे, "बोला नाना." मी म्हणायचो, "झकास." तेवढं ऐकलं की ते पातेल्यावर झाकण ठेवायचे.

मी चौथी शिकलेला माणूस. सारी उमर लासलगावच्या मार्केटात हमाली केली, कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहिल्या. गुडघे बोलायला लागले तसा मुलानं मला नाशकात गंगापूर रोडला आपल्या फ्लॅटवर आणलं, तिसऱ्या मजल्यावर. इथं ओळख कुणाची नाही, आणि बोलावल्याशिवाय मी कुणाच्या दारात जात नाही. हा माझा स्वभाव आहे, आणि तो बदलावा असं मला अजून वाटलेलं नाही. पहिल्याच थंडीत जिन्यातून सुंठ-गुळाचा वास वर यायला लागला. आठ दिवस मी तो नुसता घेतला. नवव्या दिवशी तळमजल्याच्या दारात एक बारकुडे म्हातारे उभे होते. म्हणाले, "रोज आमच्या दारापाशी तुमची चाल मंद होते. पाय दुखतो का नाक?"

मी आत गेलो. असं आमचं जमलं.

काशिनाथभाऊ पेठ तालुक्याकडचे. तिकडच्या एका आश्रमशाळेत तीस वर्षं स्वयंपाकी होते. डोंगरातली थंडी, पोरांच्या अंगावर एकेक पातळ सदरा, म्हणून सकाळी साठ पोरांना सुंठ, मिरी, गवती चहा नि गूळ घालून काढा द्यायचे. पुढं नोकरी संपली, मुलगा नाशकात स्थिरावला, हेही आले. पण हात साठ पोरांचाच राहिला. दोन कपांचा काढा त्यांना जमतच नव्हता. सुनेनं छोटं भांडं आणून दिलं तर त्यात त्यांनी लिंबं ठेवली. म्हणायचे, "साठांच्या अंदाजानं टाकलं म्हंजे दोघांना चव लागते." उरलेला काढा मग वॉचमनला, दूधवाल्याला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा.

पहिल्याच दिवशी मी त्यांच्यापुढं माझी बढाई मारली होती. बढाई म्हणजे खरंच होतं ते. गोणी न उघडता, नुसतं नाक जवळ नेऊन, आत सडका कांदा आहे की नाही हे मी सांगायचो. व्यापारी मला त्यासाठी हाका मारायचे. हे ऐकून काशिनाथभाऊंनी माझ्या पेल्यात अजून थोडा काढा ओतला. दुसऱ्या दिवसापासून मला रोजचं बोलावणं. मला वाटलं, मी पारखी माणूस म्हणून मान देतात. मी छाती काढून जिना उतरायचो.

एकदा विचारलं, तुम्ही का चाखत नाही. तर म्हणाले, "आमच्याकडं तशी रीतच हाय नाना. बनवणाऱ्यानं चाखायचं नाय, चाखणाऱ्यानं लाजायचं नाय." मी अर्धीच रीत ध्यानात ठेवली.

गेल्याच्या गेल्या थंडीत त्यांची नात सुरेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. काशिनाथभाऊंनी डिंकाचे लाडू स्वतः करायला घेतले, घरात कुणाला हात लावू दिला नाही. तुपात डिंक टाकला की तो लाहीसारखा फुलतो, ते बघायला मला स्टुलावर बसवलं. खारीक कुटली, खसखस भाजली, खोबरं किसून परतलं, गुळाचा पाक झाला, वरून सुंठ नि जायफळ. गरम मिश्रण हातात घेऊन त्यांनी पहिला लाडू वळला आणि माझ्यापुढं धरला.

तोंडात घातला आणि मला कळलं. खोबरं खवट होतं. डब्यात जुनं झालेलं, आतून पिवळं पडलेलं. सडका कांदा गोणीतून ओळखणारा मी, मला ते पहिल्या घासाला कळलं. पण समोर माणूस घामाघूम, आणि परातभर माल तयार. साठ पोरं जेवू घातलेल्या माणसाला मी काय सांगायचं, असंही वाटलं. मी म्हणालो, "झकास."

सहा दिवसांनी दुपारी आमची बेल वाजली. दारात काशिनाथभाऊ, हातात लाडवाचा डबा. लिफ्ट बंद होती, तीन जिने चढून आले होते. त्याआधी ते कधी वर आले नव्हते. बसले नाहीत. डबा उघडून म्हणाले, "एक खा."

मी खाल्ला.

"आता सांगा."

मग सगळं त्यांनीच सांगितलं. सुरेखा रोज एक लाडू घ्यायची नि उशीमागे ठेवायची. आजोबांना वाईट वाटू नये म्हणून. चादर बदलताना सहा लाडू एका ओळीत सापडले, तेव्हा पोरीनं घाबरत सांगितलं की खोबऱ्याला वास मारतोय.

"नाना," काशिनाथभाऊ म्हणाले, "त्या कोरोनाच्या तापात माझं नाक गेलं ते गेलंच. गोड कळतं, तिखट कळतं. बाकी सगळी माती. घरात सांगितलं असतं तर गॅसपाशी उभं राहू दिलं नसतं. तुमचं नाक मोठं म्हणून तुम्हाला बोलावत होतो. मानपानाला नाय."

आणि डबा तिथंच ठेवून खाली उतरले.

खरं सांगायचं तर मला रागच आला. चूक माझी होती, तरी राग आला, तसाच आहे मी. चार दिवस गेलो नाही. पण त्या चार दिवसांत जिन्यातून वासही आला नाही. वॉचमन मला विचारायला लागला, खालच्या बाबांची तब्येत बरी नाही का. तेव्हा मात्र माझ्याच्यानं घरात बसवेना. समजलं की त्या माणसानं चूल बंद केली, आणि ती माझ्या एका शब्दानं बंद झाली.

पाचव्या दिवशी रविवार कारंजाच्या बाजारात गेलो. किराणावाल्याच्या पोत्यातल्या खोबऱ्याच्या वाट्या एकेक मोडून हुंगल्या. तो वैतागला, म्हणाला, आजोबा, खोबरं घेताय का सोयरीक जुळवताय? मी त्याला म्हटलं, बाळंतिणीचं आहे, गप बस. पिशवी घेऊन सरळ तळमजल्याची बेल दाबली. त्या दिवशी कुणी बोलावलेलं नव्हतं.

काशिनाथभाऊंनी पिशवीत बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि कढई काढली. पहिला लाडू वळून समोर धरला. मी चावला.

"डिंक आतून कच्चा आहे," मी म्हणालो. "दाताला चिकटतोय. आणि जायफळ फार झालंय."

ते हसायला लागले. इतके हसले की सुरेखा बाळ घेऊन बाहेर आली. नवा घाणा घातला, डिंक बेताच्या आचेवर तळला. ते लाडू तिनं असे खाल्ले की शेवटी दोन माझ्यासाठी ठेवायला सांगावं लागलं.

नंतर दीड वर्ष आमचं रोज भांडण. हा काढा पाणचट, ही वडी जळकी. त्यांना एवढं खुश मी आधी कधी पाहिलं नव्हतं. या आषाढात ते झोपेतच गेले. त्यांच्या सुनेनं दोन दिवसांनी ते मोठं पातेलं आणि लोखंडी खलबत्ता आमच्याकडं आणून दिला. म्हणाली, नानांनाच द्या असं सांगून ठेवलं होतं.

आता थंडी पडलीय. काढा मी करतो. साठांच्या अंदाजानं करतो, कारण मला तसाच शिकवलाय. वॉचमन येतो, दूधवाला येतो. आमची सून वैशाली कामावर जायच्या घाईत पेला घ्यायची आणि रोज म्हणायची, मस्त झालाय बाबा. मी तिला सांगितलं, मस्त म्हणशील तर उद्यापासून मिळणार नाही.

काल तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पेला ओट्यावर ठेवला.

"सुंठ लई झालीय बाबा. घसा जळला."

मी म्हटलं, आता बस, तुला दुसरा करून देतो.