टोपल्याखालचं पीठ

"तुमच्या दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या आहेत," परभणीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवत सांगितलं. यावर मी विचारलं, "सोमवारी सातवीची चाचणी आहे. ती घेऊन मग आले तर चालेल का?"

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पंख्याकडे बघत बसला.

मी झरीला शाळेत विज्ञान शिकवते. सोळा वर्षं मी दरसाल फळ्यावर किडनीचं चित्र काढलं, भागांना नावं दिली आणि पोरांकडून तिचं कार्य पाठ करून घेतलं. पण सकाळी माझ्याच डोळ्यांखाली सूज यायची तेव्हा मला वाटायचं, झोप कमी झाली. चप्पल घट्ट व्हायला लागली, तर मी दुकानदाराला नावं ठेवली. दम लागायचा, त्याचा दोष निवडणुकीच्या कामाला दिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. हे वाचणाऱ्या कुणाला सकाळी तोंड सुजणं, लघवीला फेस येणं, जेवण नकोसं वाटणं असं काही होत असेल, तर त्यांनी माझ्यासारखी कारणं शोधत बसू नये. रक्त आणि लघवीची एक साधी तपासणी करून घ्यावी.

माझं क्रिएटिनिन वाढलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला एक टाकाऊ पदार्थ. किडनी चांगली असेल तर ती तो गाळून बाहेर टाकते. गाळणी बुजली की तो साठत जातो. ब्लडप्रेशर कित्येक वर्षं गुपचूप वाढलेलं होतं, त्यानं हा घोटाळा केला होता.

मग डायलिसिस सुरू झालं. म्हणजे किडनीचं काम यंत्राकडून करून घ्यायचं. त्याआधी हातावर एक छोटं ऑपरेशन करून फिस्टुला तयार करतात, म्हणजे रोहिणी आणि नीला जोडतात, त्यामुळे सुया टोचायला जाड रक्तवाहिनी मिळते. त्या जागेवर बोट ठेवलं की आत घरघर जाणवते. आठवड्यातून दोनदा झरीहून परभणी, चार तास खुर्चीत, आणि परत. दिवसभराचं पाणी एका तांब्यात मोजून घ्यायचं. परभणीचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

तहान सोसली, पण भेटायला येणारी माणसं सोसवत नव्हती. "मागच्या जन्मीचं काहीतरी असंल, बाई," असं एकीनं म्हटलं की दुसरी मान हलवायची. मागच्या जन्मी मी काय केलं हे मला आठवत नव्हतं आणि यांना मात्र बरं माहीत होतं. एकदा मी तसं बोललेही. त्यानंतर गर्दी कमी झाली, ते बरंच झालं.

माझ्या सासूबाई गयाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, या बोलण्यात कधी पडल्या नाहीत. पुनर्जन्मावर त्यांचा पक्का विश्वास आहे. मुंगीवर पाय पडू नये म्हणून त्या अंगणात खाली बघत चालतात. पण "हे तुझ्या कर्माचं फळ" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. त्या फक्त माझा पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या आणि माझ्यासमोर स्वतः पाणी प्यायच्या नाहीत.

पाच महिन्यांनी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "किडनी ट्रान्सप्लांट करता येईल. घरातून कोणी डोनर आहे का?" ट्रान्सप्लांट म्हणजे दुसऱ्याची निरोगी किडनी बसवणं, डोनर म्हणजे ती देणारा. नवऱ्याला शुगर आहे. माझ्या भावाचा रक्तगट जुळत नव्हता. आईवडील आता नाहीत. कोपऱ्यातून आत्याबाई म्हणाल्या, "माजी बघा की."

"आजी, वय किती?"

"साठीला टेकले. पन रोज रानात जाते."

तपासण्या आठ-दहा दिवस चालल्या. शेवटची क्रॉसमॅच, म्हणजे माझं रक्त त्यांच्या पेशींवर हल्ला तर करत नाही ना, हे बघणारी. ती जुळली. डॉक्टर हसून म्हणाले, "तुमच्या सासूबाईंचे रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले आहेत." आत्याबाईंना याचा इतका आनंद झाला की झरीत येईपर्यंत त्यांनी ते एसटीतल्या दोन अनोळखी बायकांना सांगितलं.

गावात मात्र वेगळंच सुरू झालं. आमच्या चुलत सासूबाई घरी आल्या आणि माझ्यासमोरच आत्याबाईंना म्हणाल्या, "गया, येडी का खुळी तू? एक किडनी हितं देशील तर फुडच्या जल्मी एकच घिऊन येशील. आन सुनंसाठी? पोटच्या लेकरासाठी आसतं तर गोष्ट येगळी."

आत्याबाई रात्रीच्या स्वयंपाकाचं पीठ मळत राहिल्या. पण मला त्या पिठाकडे बघवेना. "तुमची किडनी मला नको," असं मी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. सगळ्यांना वाटलं, मी त्यांच्या पुढच्या जन्माला घाबरले. खरं कारण अठरा वर्षं जुनं होतं आणि ते फक्त मला माहीत होतं.

माझं लग्न होऊन चार महिने झाले होते तेव्हा माझे सासरे गेले. आमच्याकडे रीत अशी, की माणूस गेला की दिव्याजवळ पीठ पसरून त्यावर टोपलं पालथं घालायचं. सकाळी टोपलं उचलून बघायचं. पिठावर जे पाऊल उमटलेलं दिसेल, त्या जन्माला आत्मा गेला असं मानतात. गाईचं खूर, माणसाचं पाऊल, पाखराचं पाऊल. माझं माहेर परभणीचं, वडील ऑफिसात कारकून, आमच्या क्वार्टरमध्ये मी हे कधी पाहिलं नव्हतं.

नवी सून म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठून झाडायला घेतलं. टोपलं पालथं दिसलं, उचललं, खाली पीठ सांडलेलं. मला वाटलं, उंदरांचा उद्योग. मी झाडून सुपलीत भरलं आणि उकिरड्यावर टाकून आले. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "उठा गं, पाऊल बघायचंय." तेव्हा कळलं, मी काय झाडून टाकलं ते. पळत जाऊन हाताला लागेल त्या डब्यातून मूठभर पीठ आणलं, पसरलं, टोपलं ठेवलं.

सगळी भावकी गोळा झाली. आत्याबाईंनी टोपलं उचललं. पिठावर माझ्या घाईत तीन बोटं ओढली गेली होती. त्या खाली वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाखराचं पाऊल हाय. पाखरू झालेत ते." सगळ्यांनी हात जोडले. आत्याबाईंनी लगेच ते पीठ पदरात भरून घेतलं आणि बाहेर नेलं.

त्या दिवसापासून त्या रोज सकाळी अंगणातल्या भिंतीवर मूठभर ज्वारी टाकतात. चिमण्या, होले, साळुंक्या येतात. पाऊस असो की थंडी, एक दिवस चुकला नाही. आणि अठरा वर्षं मी ते बघत आले, की ही बाई माझ्या बोटांच्या खुणांना नवरा समजून दाणे टाकते. मी विज्ञान शिकवणारी, आत्मा पिठावर चालतो हे मला कधी पटलं नाही. पण फसवणूक ही फसवणूकच असते. आता त्याच बाईच्या शरीराचा तुकडा कुठल्या तोंडानं घ्यायचा?

नवऱ्यानं समजावलं, आमची मुलगी रडली. मी नमले. जगायची इच्छा लाजेपेक्षा मोठी असते, हे मी आज कबूल करते.

सासूला कायद्यानं सुनेच्या जवळच्या नात्यात धरत नाहीत. त्यामुळे एका समितीची परवानगी लागते. कोणी जबरदस्ती किंवा व्यवहार तर करत नाही ना, हे ते बघतात. तुमच्यावर ही वेळ आली तर लग्नाचे फोटो, रेशनकार्ड, आधारकार्ड सगळं आधीच जमवून ठेवा, हेलपाटे वाचतात. समितीसमोरची मुलाखत व्हिडिओत घेतात, तिथं आत्याबाई पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे बसल्या. "सून म्हणजे माझी लेकच, असं सांग माय," म्हणून नवऱ्यानं वाटेत त्यांना चारदा पढवलं होतं.

"आजी, तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली का?" मधल्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"जबरदस्ती हिनंच केली. नको नको म्हनायलीय. म्या राजीखुशीनं देयलेय."

"घरच्यांचा, नातेवाइकांचा विरोध आहे का?"

"हाय की. फुडच्या जल्मी एकच घिऊन येशील म्हनत्यात."

"मग तुम्हाला भीती नाही वाटत?"

आत्याबाई झरीत वाकळा शिवण्यासाठी प्रसिद्ध आहेत. जुन्या लुगड्यांची गोधडी, तिला आमच्याकडे वाकळ म्हणतात. त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "बाई, लुगडं जुनं झालं की आपुन नवं नेसतो. आत्म्याचं तसंच हाय म्हनत्यात, बरूबर? मंग जुन्या लुगड्यातला धड तुकडा आपुन फेकून देतो का? वाकळंला लावतो. कुनाला तरी ऊब व्हती. आन जुन्याचा तुकडा काढला म्हनून नव्या लुगड्याला काई भोक पडत न्हाई."

समितीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. मी शेजारी बसले होते आणि माझी मान ताठ झाली होती. चौथी शिकलेली माझी सासू, तिनं त्या शिकलेल्या लोकांसमोर, मला अठरा वर्षांत न सुटलेला आत्म्याचा प्रश्न एका दमात सोडवला होता.

परवानगी मिळाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी डॉक्टर दोघींना शेजारी बसवून म्हणाले, "आजी, शेवटच्या क्षणापर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता. कोणी कारण विचारणार नाही." ते गेले. मी दार लावलं. मला कळत होतं की मी आत्ता बोलले आणि त्यांनी विचार बदलला तर माझं सगळं संपलं. पण न बोलता ती किडनी अंगात घेऊन जगणंही मला जमलं नसतं.

"आत्याबाई, त्या टोपल्याखालचं पाऊल पाखराचं नव्हतं. माझ्या बोटांचं होतं. खरं पीठ मी झाडून टाकलं होतं."

त्या दवाखान्याच्या हिरव्या झग्याची नाडी बांधत होत्या. ती बांधून झाल्यावर म्हणाल्या, "ठाव हाय मला."

"कसं?"

"राती म्या सोताच्या हातानं ज्वारीचं पीठ पसरलं होतं. सकाळी बघते तर गव्हाचं. एका रातीत ज्वारीचा गहू व्हतो व्हय?"

घाईत माझ्या हाताला लागला तो डबा गव्हाचा होता. अठरा वर्षं मी बोटांच्या खुणांचा विचार करत होते, पिठाच्या रंगाचा एकदाही केला नाही.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"चार महिन्याची नवरी तू. भावकी उभी. म्या तोंड उघडलं असतं तर सासऱ्याचं पाऊल झाडलं म्हनून जलमभर बोलले आसते तुला. म्हनून तर पीठ लगेच पदरात घेतलं, कुनी जवळून बघू नाई म्हनून."

"आणि रोज दाणे कोणाला टाकता?"

"पाखरायला," त्या सहज म्हणाल्या. मग झगा सारखा करत, "पयलं पयलं लय वाईट वाटायचं. कुठं गेले आसतील, कशाचा जल्म घेतला आसंल, काई पत्त्या न्हाई. मंग मनात आलं, पत्त्याच न्हाई तर समद्यायलाच टाकावं. ते नसतील तर दुसऱ्या कुनाचं कुनीतरी आसंल."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "बास आता. बीपी वाढंल, आन डाक्टर मला बोलंल."

ऑपरेशन नीट झालं. नवी किडनी आत बसताच टेबलावरच काम करायला लागली, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत्याबाई पाचव्या दिवशी चालत माझ्या खोलीच्या काचेबाहेर आल्या आणि मला हात केला.

आता मी आयुष्यभर इम्युनोसप्रेसंट घेणार. आपलं शरीर नव्या किडनीला परकी समजून हाकलायला बघतं, त्याला शांत ठेवणाऱ्या या गोळ्या. सासरी आलेल्या नव्या सुनेची कुणाला तरी बाजू घ्यावी लागते, तसं ते आहे. गोळीची वेळ एकदाही चुकवू नका, बरं वाटतंय म्हणून तर मुळीच नाही. संसर्गाची भीती असते, म्हणून डॉक्टरांनी मला पाखरांच्या घाणीपासून लांब राहायला सांगितलंय. आत्याबाईंनी दाणे टाकायची जागा अंगणातून उचलून गोठ्यापलीकडच्या भिंतीवर नेली. मी रोज सकाळी मास्क लावून दारात उभी राहते आणि लांबूनच बघते. आत्म्याबद्दल माझं अजूनही नक्की काही ठरलेलं नाही. पण भिंतीवर होला उतरला की मी आता नजर चोरत नाही. कुणाचं तरी कुणी असेल.

मला वाचवणाऱ्या डॉक्टर-नर्सबाईंचे उपकार मी कसे फेडणार? आणि ज्यांच्या घरात असा आजार आलाय त्यांना एवढंच सांगते, की मदत कुठून येईल याचा अंदाज बांधू नका, आणि आली की नाही म्हणू नका.

जुन्या किडन्या काढत नाहीत, नवी ओटीपोटात बसवतात. शाळेत परत रुजू झाल्यावर उत्सर्जन संस्थेचा धडा आला. मी फळ्यावर नेहमीच्या दोन किडन्या काढल्या, आणि खाली उजवीकडे तिसरी.

"मॅडम, माणसाला दोनच असत्यात," पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"बरोबर. हे माझं चित्र आहे," मी म्हटलं, आणि वरच्या दोन्हींना पुस्तकातली नावं देऊन तिसरीला बाण काढून लिहिलं: गयाबाई.