लाखाला नऊनं भाग

दुपारी जेवून आडवा झालोय. पंखा तीनवर आहे, पण फिरतोय एकवर असल्यासारखा. आमची दोघांची तब्येत सध्या सारखीच. बोटांना कापूस चिकटलाय. डोळे मिटले की आतही वातीच दिसतात, त्याही वाकड्या.

कुमुदमावशी म्हणजे आईची थोरली बहीण, एसटीत कंडक्टर होती. दोन वर्षांपूर्वी मी डेंग्यूनं दवाखान्यात पडलो तेव्हा ती लाख वातींचा नवस बोलली. मी बरा झालो. एकसष्ट हजार दोनशे वाती वळून झाल्यावर तीच गेली. ज्याच्यासाठी नवस त्यानंच उरलेल्या वळायच्या, असं आईनं ठरवलं, आणि नोकरी नसल्यामुळे माझ्याकडे सबबही नव्हती. उद्या त्रिपुरी पौर्णिमा, उद्या त्या तुपात भिजवून लावायच्या. आज सकाळी मी आईला सांगून टाकलं की झाल्या सगळ्या, नऊ-नऊच्या जुड्या बांधल्या, एकही सुटी उरली नाही. खरं तर अडीच हजार कमी आहेत. आई नुसतं बरं म्हणाली.

कुशीवर वळतो तर खाली सतरंजीऐवजी एसटीचं बाकडं आहे. गाडी घाट चढतेय. सगळ्या बाकांवर वातींच्या जुड्या बसल्यात, खिडकीकडेच्या जरा ऐसपैस. मावशी खाकी साडीत पुढून येते, जुड्यांची तिकिटं फाडत. जुड्या सुटे पैसे देत नाहीत म्हणून कुरकुरतेय. ती वारलीय हे मला माहीत आहे, पण भर गाडीत असं कसं बोलायचं, म्हणून मी पाय आवरून घेतो.

पुढे एक ट्रक आहे, नंबर ४७५२. लहानपणी सुट्टीत ती मला तिच्या गाडीतून फिरवायची आणि पुढच्या गाड्यांचे नंबर भागायला लावायची. कागद नाही, पेन नाही. आत्ताही ती नुसती हनुवटी उडवते आणि मी सवयीनं सुरू होतो. शेवटचे दोन आकडे बावन्न, चारनं जातात, म्हणजे अख्खा ट्रक चारनं जातो. चार, सात, पाच, दोन मिळून अठरा, म्हणजे नऊनंही जातो. एक सोडून एक आकडे घेतले तर चार नि पाच नऊ, सात नि दोन नऊ, फरक शून्य, अकरानंही जातो.

"आणि सातनं?"

शेवटच्या दोनाची दुप्पट चार. चारशे पंच्याहत्तरातून चार गेले, चारशे एकाहत्तर. पुन्हा एकाची दुप्पट दोन, सत्तेचाळीसातून गेले, पंचेचाळीस. नाही जात.

"सात कुणाचं ऐकत नाही," मावशी म्हणते. "तुझ्या काकांसारखा."

काका, म्हणजे मावशीचे यजमान, पुढे गाडी चालवतायत. ते मागे बघत नाहीत. मी वाकून बघतो तर त्यांच्यापुढे रस्ता नाही, दवाखान्याची खोली आहे. मी पलंगावर आहे, सलाईन टपकतंय आणि मावशी स्टुलावर बसून मांडीवर वाती वळतेय. तिच्या वाती सरळ, सारख्या, शाळेत प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या. मी विचारतो, अशा कशा येतात. ती म्हणते, घाई नसली की येतात.

मग न बघताच विचारते, "तन्या, लाखाच्या आकड्यांची बेरीज किती?"

"एक."

"मग नऊनं भागल्यावर उरतं किती?"

मी सलाईनकडे बघतो. सलाईनही माझ्याकडे बघतं. लाख वाती नऊ-नऊनं बांधल्या तर एक उरायलाच हवी. मी म्हणालो होतो, एकही उरली नाही.

मी विचारतो, कमी पडल्या तर ताप परत येणार का. मला खरंच भीती वाटतेय, आणि खरंच कंटाळाही आलाय.

"तुला काही होत नाही," ती म्हणते. "पण उद्यापासून तू नुसता शिंकलास तरी तुझ्या आईची झोप जाईल. तिला झोप लागावी, तेवढ्यासाठी मी बोलले होते नवस. देवाला काय करायच्यात इतक्या वाती?"

मी म्हणतो, दमलोय गं. ती म्हणते, एकसष्ट हजारानंतर मलाही दमल्यासारखं झालं होतं, आणि बघ काय झालं. आम्ही दोघं हसतो. मग ती माझी मूठ उघडते, काहीतरी ठेवते, पुन्हा मिटवते आणि बेल मारते. पलंग थांबतो. ती उतरते. दवाखान्याच्या जिन्यावर घाटातलं धुकं आहे.

चार वाजलेत. आई चहा घेऊन उभी आहे. मी उठायच्या आधीच सांगून टाकतो, "आई, झाल्या नाहीत. अडीच हजार राहिल्यात."

"माहितेय मला. लाखाला नऊनं पुरा भाग जातो का कधी? ताईनं मलाही भागाकारांनी कमी छळलेलं नाही." कप खाली ठेवून ती माझ्या मिटलेल्या मुठीकडे बघते. "ते काय आहे?"

मी मूठ उघडतो. एकच वात. सरळ, घट्ट, दोन्ही टोकं सारखी. अशी मला आजवर एकही जमलेली नाही.

आई ती उचलते, बराच वेळ बोटांत फिरवते आणि देव्हाऱ्यात नेऊन वेगळी ठेवते. मग येऊन खाली बसते आणि कापूस पुढ्यात ओढते.