‘उद्या पाणी नाही’ची एशिया टूर: दोन कार्यक्रम, एक संबळ

टी-शर्ट आधी आले, व्हिसा नंतर. काळ्या टी-शर्टच्या पाठीवर ‘एशिया टूर’ आणि खाली गावांची यादी. यादीत गाव एकच: होई आन, व्हिएतनाम. निनादने ते दोनदा छापून घेतलं, कारण कार्यक्रम दोन होते.

निनाद आमचा कीबोर्डवाला आणि कुणी न विचारता झालेला मॅनेजर. संबळ वाजवतो सोपान, वणीचा. गाते मी, गाणी लिहिते मी आणि पंचवटीत राहून विमा कंपनीत लोकांचे क्लेम नाकारायची नोकरीही मीच करते. बँडचं नाव ‘उद्या पाणी नाही’. नाशिककरांना ते समजावून सांगावं लागत नाही.

सहा वर्षांत आमचं एक पक्कं झालं होतं. सिनेमाची गाणी वाजली की लोक नाचायचे, माझं सुरू झालं की जेवणाकडे वळायचे. द्राक्षबागेतल्या एका रिसॉर्टवर तर एक काका स्टेजपाशी येऊन म्हणाले, ‘मॅडम, आता जरा गाणं होऊ द्या की.’ मी तेव्हा गातच होते.

म्हणून होई आनच्या छोट्या महोत्सवाचं बोलावणं आलं तेव्हा निनादने मिसळ खाता खाताच अट घातली. ‘गौरी, तिथं तुझं एक गाणं लोकांनी बसून ऐकलं, तर बँड आहे तसा चालू. नाहीतर आल्यावर हळदीच्या सुपाऱ्या घ्यायच्या. अख्ख्या सीझनची ऑफर आहे.’ आमच्या धंद्यात कार्यक्रमाच्या बुकिंगला सुपारी म्हणतात. आणखी एका धंद्यातही म्हणतात, पण तिथे निदान माणूस एकदाच मरतो.

मी हो म्हणाले. गाणंही ठरलं होतं: ‘सायखेडा’. गोदाकाठच्या त्या गावात पुरात पूल पाण्याखाली जातो आणि एक बाई अलीकडच्या काठावर थांबून राहते, एवढीच गोष्ट. चार मिनिटं, संथ, नाचण्यासारखं काहीही नाही.

जाणाऱ्यांसाठी कामाचं सांगते. व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो, फक्त नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. नाशिकहून मुंबई विमानतळाला शेअर टॅक्सी बरी पडते. कसारा घाट उतरेपर्यंत गाणी म्हणता येतात, भिवंडीपासून पुढे देवाचं नाव घ्यावं लागतं. मुंबईहून विमान बदलून दा नांग, तिथून टॅक्सीने तासाभरात होई आन.

निघताना दारात नेहमीचा सोहळा झाला. आमच्या घरात ‘जाते’ म्हणायची सोय नाही. दूध आणायला निघालं तरी ‘येते’ म्हणायचं. मी घाईत ‘चल आई, निघते’ म्हणाले, तर आईसाहेबांनी टॅक्सी थांबवून ठेवली. ‘येते म्हण आधी.’ मी ‘येते’ म्हणाले. निनाद आणि सोपाननेही मुकाट्याने ‘येतो काकू’ म्हटलं, तेव्हा आमची सुटका झाली.

विमानात सोपान अडून बसला. हवाईसुंदरी संबळ सीटखाली सरकवायला सांगत होती.

‘देवीचं वाद्य हाय ताई, पायापाशी नाय ठेवणार.’

तिने वरचा कप्पा दाखवला. ‘वर? वर चालंल की,’ म्हणून त्याने स्वतःची बॅग काढून पायाशी घेतली आणि संबळ वर ठेवला. निनाद तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होता, आमची त्याची ओळखच नसल्यासारखा.

होई आनला आम्हाला घ्यायला लिन्ह आली होती. कार्यक्रमाची जबाबदारी तिची, आमचं इंग्रजी लोकांना त्यांच्या भाषेत सांगणारीही तीच. तिने आमच्या नावाचं भाषांतर करून गेस्टहाउसच्या दारावर पोस्टर लावलं होतं. परिणाम असा, की मालकीणबाईंनी दोन पिंपं आणि सगळ्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. परदेशात आमचं नाव इतकं गंभीरपणे कुणी घेईल असं वाटलं नव्हतं.

गाव देखणं आहे. पिवळ्या भिंती, नदी, कंदील आणि दर दहा पावलांवर फोटो काढणारं नवं जोडपं. सायकल भाड्याने घ्या. कॉफी आपल्या ऐंशी-शंभर रुपयांत मिळते, ती दाट, गोड आणि झोप उडवणारी असते. माझ्यासारखं शाकाहारी असाल तर मात्र ऐका. पहिला दिवस मी आईच्या चिवड्यावर काढला. दुसऱ्या दिवशी सोपान एका पाटीकडे बघून ओरडला, ‘ताई, चाय!’ आणि आत घुसला. पाटीवर ‘Chay’ लिहिलं होतं. हा दोन बोटं दाखवून चहा मागतोय, आणि त्यांनी दोन थाळ्या भात, टोफू, मशरूम आणून ठेवले. त्यांच्याकडे ‘चाय’ म्हणजे शाकाहारी जेवण. सोपानला चहा मिळाला नाही, मी जगले.

पहिला कार्यक्रम एका हॉटेलच्या अंगणात झाला. आयोजकांना ‘इंडियन डान्स’ हवा होता, निनादने आनंदाने दिला. ‘सायखेडा’ शेवटी ठेवलं होतं, तोवर वेळ संपली. ‘उद्या नक्की,’ निनाद म्हणाला. हे ‘उद्या नक्की’ आमच्या ऑफिसातही रोज ऐकू येतं.

दुसरा कार्यक्रम नदीकाठच्या चौकात, संध्याकाळी पाचला. साठ-सत्तर लोक प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसले होते. वायरी जुळवण्यात दहा मिनिटं गेली, मग निनादने एक सिनेमाचं गाणं लोक नाचतायत म्हणून दोनदा घेतलं. शेवटच्या गाण्याआधी लिन्हने मनगटावर बोट आपटलं. वेळ संपली. ‘सायखेडा’ पुन्हा राहिलं. पण काही झालं तरी निरोप नीट घ्यायचा, हे घरचं वळण. मी माइकवर म्हणाले, ‘थँक यू. ओके फ्रेंड्स, वी आर कमिंग!’

‘येतो आम्ही’चं माझ्या डोक्यात तेच इंग्रजी झालं. ‘वी आर गोइंग’ म्हणायला जीभ वळली नाही. लिन्हने ते त्यांच्या भाषेत सांगितलं आणि टाळ्या पडल्या.

मागे जाऊन निनादने कीबोर्डची पिशवी उघडली. ‘मग ठरलं ना? सुपाऱ्या.’ मी वायरी गुंडाळायला घेतल्या. सोपान पाव खात होता.

तेवढ्यात लिन्ह धावत आली. ‘तुम्ही येणार म्हणालात. लोक बसलेत. कधी येताय?’

आम्ही डोकावून बघितलं. एकही माणूस उठला नव्हता. आमच्यानंतर ज्यांचा नंबर होता ते बासरीवाले आजोबाही पहिल्या रांगेत स्टूल घेऊन बसले होते.

‘फास्टवालं घेऊ,’ निनाद म्हणाला. तोवर सोपानने तोंडातला घास गिळून संबळ कमरेला बांधला होता. स्टेजवर पोचताच त्याने ‘सायखेडा’चा ठेका धरला. निनादला कीबोर्ड वाजवण्यावाचून इलाज उरला नाही.

खोटं कशाला सांगू, कुणी ढसाढसा रडलं नाही. एक आजी झोपली, दोघं मोबाइलवर होती. पण उठलं कुणी नाही. गाणं संपल्यावर एका बाईने लिन्हकरवी अर्थ विचारला. मी सांगितला: पूल पाण्याखाली आहे, ती थांबली आहे. बाई मला हाताला धरून समोरच्या घराच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. भिंतीवर रेघा होत्या, एकेका पुराच्या. सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्याही वर.

‘आपला दुतोंड्या मारुतीच हाय हा,’ सोपान म्हणाला. गोदेला पूर आला की आम्ही नदीपात्रातल्या त्या उंच मूर्तीवरूनच माप सांगतो: कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. मी ते लिन्हला सांगितलं, तिने बाईंना सांगितलं आणि बाईंनी त्या वरच्या रेघेवर हात ठेवून स्वतःचा गळा दाखवला, म्हणजे मारुतीच्या मापाने गळ्यापर्यंत. त्या क्षणी मला फार बरं वाटलं, इतकं की निनादलाही मिठी मारली.

परतीला भिवंडी तशीच होती. महिनाभर ऑफिसात फोटो दाखवून झाले. क्लेम मी आजही नाकारते, पण कुणाच्या घरात पाणी शिरल्याची फाइल आली की आधी पाणी कुठपर्यंत होतं ते विचारते.

मग एका रविवारी निनाद घरी आला, एशिया टूरचा टी-शर्ट घालूनच. सोपान आधीच येऊन बसला होता.

‘मी हळदीचा सीझन घेतलाय,’ निनाद म्हणाला. ‘दुसरी पोरं घेऊन.’

‘अरे, पण ऐकलं ना लोकांनी? बसून?’

‘तुझं इंग्रजी चुकलं म्हणून बसले, गौरी.’

खरंच होतं ते. म्हणूनच लागलं. सोपान म्हणाला, ‘चुकून बसले आसतील. पण बसले का नाय?’ निनाद दारात गेला, वाकून बुटाची नाडी बांधली आणि म्हणाला, ‘चला, जातो मी.’

आमच्या दारात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आई आतून ओरडली, ‘अरे, येतो म्हणावं!’ तोपर्यंत खाली त्याची गाडी चालू झाली होती.